दिल्लीतली माती

महागू कुमोटी गाडीतून उतरला, तेव्हा झुरू गायत्यानं त्याला ‘ये’ म्हटलं नाही. ‘बस’ही म्हटलं नाही.

मोहाच्या झाडाखाली सगळं कोसमटोला जमलं होतं. बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला, आणि सगळे जमिनीवर. मागच्या गाडीतून महागूच्या माणसांनी लाल प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवल्या. एरवी खासदार कुठं जाणार असला की खुर्च्या त्याच्या आधी पोचायच्या. त्या दिवशी मागून आल्या. देशकर नावाचा त्याचा पीए होता, इस्त्रीच्या शर्टातला, नागपूरकडचा. त्यानं लगबगीनं एक खुर्ची साहेबांच्या मागं आणून ठेवली. महागूनं ती पायानं बाजूला सारली आणि उभाच राहिला. गायता, म्हणजे गावाचा पुजारी, बस म्हणत नाही तोवर बसायचं नसतं, एवढं त्याच्या अजून ध्यानात होतं.

मी अगदी समोर बसलो होतो. माझ्या मांडीखाली घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं.

मी घिसू हिचामी, तेव्हा गावचा सरपंच. महागू माझ्या धाकट्या बहिणीचा, सोमारीचा नवरा, म्हणजे आमच्या घरचा जवाई, आणि माझा वैरी. ही दोन्ही नाती एकाच माणसाशी असली की सणावाराला फार पंचाईत होते.

महागूही आधी याच गावचा सरपंच होता. मग पंचायत समितीचा सभापती झाला, मग जिल्हा परिषदेत गेला, आणि तिथून राखीव जागेवर निवडून एकदम दिल्लीला. पहिल्या खेपेला तो निवडून आला तेव्हा ढोल मीच वाजवला होता, हात सुजेपर्यंत. दुसऱ्या खेपेला मी विरोधी पक्षात होतो. मधल्या काळात झालं होतं असं, की आमच्या डोंगरातल्या बांबूवर गावाचा हक्क आहे असा ठराव ग्रामसभेनं करून वर पाठवला, आणि वरून तो बांबू एका कारखान्याला मिळाला. कारखान्याची फीत कापायला कोण, तर महागू कुमोटी, डोक्याला मोरपिसाचा तुरा लावून. मी गावात घसा फोडून सांगितलं, यानं आपला डोंगर विकला. गाव म्हणालं, साहेब झाला तरी आपलाच आहे, घरचं माणूस आहे, समजून घ्यावं. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं मी बोलत राहिलो. त्याच्या वाटेला गेलो की माझ्याच दाताखाली माझेच ओठ यायचे.

आणि मग त्यानं आंबा खाल्ला.

हे बाहेरच्यांना सांगितलं की हसतात, म्हणून नीट सांगतो. आमच्याकडे नवं फळ कोणी आपल्या मर्जीनं खात नाही. चैत्रात आंबे झाडाला लटकलेले असतात, वाऱ्यानं खाली पडतात, तोंडाला पाणी सुटतं. तरी मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, गावानं केल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. आधी मातीचा घास, मग गेलेल्या माणसांचा, मग आपला. त्या वर्षात घरातलं कोणी गेलं असेल, तर पहिली फोड त्याची. ते माणूस तिकडं अजून नवखं असतं, आपल्या माणसांच्या हाताकडं बघत बसलेलं असतं.

महागूची आई, कुम्मेबाई, त्याच माघात गेली होती. अधिवेशन चालू होतं. महागू विमानानं निघाला, पण पोचला तेव्हा म्हातारीला पुरून झालं होतं. आणि चैत्रात वर्तमानपत्रात फोटो आला. दिल्लीच्या कुठल्याशा आंबा महोत्सवात एक मंत्री आपल्या हातानं महागूला आंब्याची फोड भरवतो आहे. महागूचं तोंड उघडं, डोळे फोटोवाल्याकडं. खाली छापलं होतं, ‘वनपुत्राचे तोंड गोड’. पंचायतीच्या ओट्यावर मी तो फोटो बघितला आणि पेपर तिथून उचलून घरी आणला. देवानं माझ्या हातात आयतं कोलीत दिलं होतं, आणि मी काही माकड नव्हतो.

सणाच्या आदल्या दिवशी उन्हं कलल्यावर सोमारी माझ्या अंगणात आली. पाणी दिलं ते प्याली नाही.

“दादा, तो पेपर काढू नको,” ती म्हणाली. घरात आम्ही गोंडीत बोलतो. इथं मी ते आमच्या भागातल्या मराठीत मांडतोय.

“कोणता पेपर?”

“अख्ख्या तालुक्याले माहीत आहे तुह्याजवळ कोणता पेपर आहे. बांबूसाठी भांड. रस्त्यासाठी भांड. मी कधी आडवी आली का? सासूचा दगड होऊन जाऊ दे, मंग काय करायचं ते कर.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्यात मेलेल्या माणसाचा दगड उभा करतात. तो उभा होईपर्यंत ते माणूस उंबऱ्यावर असतं, धड आत नाही, धड बाहेर नाही. आणि तो दगड शोधून आणायचा, खांदा द्यायचा, उभा करायचा, हे काम सोयऱ्यांचं. सून ज्या घरची त्या घराचं. म्हणजे माझं. वैऱ्याच्या आईचा दगड माझ्या खांद्यावर. पण त्याचं मला कधी जड वाटलं नाही. कुम्मेबाईच्या घरची कुटकीची पेज मी पोरवयात पोटभर प्यालो होतो. फाल्गुनातच मी नदीच्या पात्रातून चांगला उंच, पाठीत किंचित वाकलेला दगड निवडून ठेवला होता. म्हातारी तशीच उभी राहायची.

“दगडाले मी नाही म्हटलं का?” मी विचारलं.

“गावानं त्याले बाहेर काढलं तं दगड कोण लावंल? बुढी उभीच राहीन ना दारात.”

मी म्हटलं, बघतो. बघायचं काय होतं? मी तो पेपर गायत्याच्या घरी आधीच दाखवून आलो होतो.

तर असा महागू दुसऱ्या दिवशी मोहाखाली उभा होता. झुरू गायत्यानं माझ्याकडं हात केला. मी मांडीखालून पेपर काढून दिला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण फोटो वाचायला अक्षर लागत नाही. त्यानं तो डोळ्यांजवळ धरून पुन्हा एकदा बघितला आणि महागूपुढं जमिनीवर ठेवला.

“हे तूच आहेस?”

“मीच आहो.”

“तोंडात काय आहे?”

महागू बोलायच्या आधी देशकर पुढं झाला. म्हणाला, अहो, ती मिठाई आहे. काजूची. दिल्लीत आंब्याच्या आकाराची मिळते, वरून रंगही तसाच देतात. साहेबांनी स्वतः त्याच दिवशी मला सांगितलं होतं.

सगळ्या गावानं श्वास सोडला. देशकर धडधडीत खोटं बोलतोय हे लहानथोर सगळ्यांना कळत होतं. पण ते असं खोटं होतं की सगळं गाव त्यावर आरामात बसलं असतं. सण झाला असता, दगड उभा झाला असता, जेवणं झाली असती. गायत्यानंसुद्धा मान हलवली आणि पेपराची घडी घालायला घेतली. माझा जीव नुसता जळत होता. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या डोळ्यांदेखत काजूच्या मिठाईवारी चाललं होतं.

“असंच आहे ना, महागू?” गायत्यानं नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

बायांमधून सोमारी त्याच्याकडं बघत होती. हो म्हण, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं.

महागूनं कपाळाचा घाम पुसला. “नाही,” तो म्हणाला. “आंबाच होता.”

देशकर हळूच “साहेब” म्हणाला. महागूनं त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. “आईचं काम आहे, देशकर. हे तुमचं सभागृह नाही.”

मी या माणसाला लबाड म्हणत आलो होतो आणि आजही म्हणतो. बांबूच्या बाबतीत तो लबाडच होता. पण त्या दिवशी त्याला कोणी खरं बोलायला लावलं नव्हतं.

मग गायत्यानं आपल्या हातात उरलेली शेवटची सोय पुढं केली. आमच्यात परगावी गेलेल्या माणसाला एक सवलत आहे. कोणी आग्रहानं नवं फळ पुढं केलं, नाही म्हणता येईना, तर आधी एक तुकडा मातीवर टाकायचा आणि मग खायचा. मातीचा घास तिला मिळाला, तिच्यातून गेलेल्यांना मिळाला, की दोष सुटला. मजुरीला गेलेली आमची माणसं असंच करतात.

“मातीले दिलास का आधी?” गायत्यानं विचारलं.

“माती नव्हती, काका.”

“मंजे कसं?”

“खाली गालिचा होता. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मंत्र्यानं फोड तोंडापाशी आणली, फोटोवाले उभे. मी खाली पायलं. मले आईची याद आली तवा. मी माती शोधली. नव्हतीच कुठं.”

हे बोलताना त्याचा आवाज खासदाराचा नव्हता. झुरू गायत्याचा चेहरा सैल पडत चाललेला मला दिसला. त्यानं कुम्मेबाईला आपल्या हातानं पुरलं होतं. तिच्या लेकाला परत पंगतीत घ्यायला त्याला फक्त एवढंसं निमित्त हवं होतं, आणि ते आता त्याला मिळत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर महागू बसला असता, आणि बसलेला माणूस पुन्हा निवडून आला असता.

मी उठून उभा राहिलो.

“अख्ख्या दिल्लीत चिमटीभर माती नाही का, खासदारसाहेब?” मी म्हटलं. “मंग गहू कुठं पेरतेत ते लोक, गालिच्यावर?”

मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं.

“मी शोधली,” महागू म्हणाला.

“नीट शोधायची. माती सापडते.”

आता सगळे हसले. आधी पोरं, मग बाप्ये, मग पदर तोंडाला लावून बायासुद्धा. एक सोमारी तेवढी हसली नाही. गाव हसलं की गायत्यालाही मऊ होता येत नाही. देवाच्या कामात हसू झालं तर दोष त्याच्या माथी येतो. त्याचा चेहरा पुन्हा आवळला गेला. मला आनंद झाला. ते लपवून काय करू? झाला.

गायत्यानं सांगितलं ते असं. आईच्या आधी लेकानं खाल्लं. म्हातारीला दारात ठेवायचं नाही, तिचा काही दोष नाही. दगड आजच उभा होईल, पण सोयरेच उभा करतील. लेकाचा हात त्याला लागणार नाही. तो नाल्याच्या पलीकडं थांबेल. पुढच्या आंब्यापर्यंत त्याच्या घरी कोणी जेवणार नाही, त्याला कोणी जेवायला बोलावणार नाही, आणि वाटेत भेटला तरी त्याच्या बोलण्याला ओ देणार नाही.

महागूनं मान खाली घालून ऐकून घेतलं. पोलीस बोलावू का, असं देशकर त्याच्या कानाशी लागून विचारत होता. महागू त्याला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तो चालत नाल्याकडं निघाला. बायांमधून सोमारी उठली आणि त्याच्या मागून गेली. माझ्याजवळून गेली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

दुपारी आम्ही दगड उचलला. लाकडाच्या बल्ल्यांना दोर बांधून, पुढं मी, मागं माझे चुलतभाऊ. खड्डा तयार होता. नाल्याच्या पलीकडं महागू उन्हात उभा होता, जवळ सोमारी. आम्ही दगड खड्ड्यात सोडला, सरळ केला, भोवती माती लोटायला घेतली, तेव्हा पलीकडून त्याचा आवाज आला.

“थोडा उगवतीकडं फिरवा. तिले सकाळचं ऊन लागत होतं.”

कोणी उत्तर दिलं नाही, द्यायचंच नव्हतं. माझा चुलतभाऊ माझ्याकडं बघत राहिला. मी दगडाला खांदा लावला आणि तो उगवतीकडं वळवला. मग माती लोटली, पाण्यानं बसवली, आणि गायत्यानं पहिली फोड म्हातारीपुढं ठेवली.

लाल खुर्च्या मोहाखालीच राहिल्या. पुढं त्या पंचायतीत आणल्या, आणि एका खुर्चीवर मीच बसायला लागलो.

निवडणूक त्याच सालात होती. बांबूनं जे झालं नव्हतं ते आंब्यानं झालं. कोसमटोल्याची बातमी बाजाराबाजारातून सगळ्या इलाख्यात पोचली होती. महागू सभेला उभा राहिला की मागून कोणीतरी विचारायचं, साहेब, आज खाली काय आहे? त्याला लोक गालिचासाहेब म्हणायला लागले. ते नाव मीच पाडलं होतं. तो पडला, आणि असा पडला की पुन्हा कोणत्या पक्षानं त्याला विचारलं नाही. वर्ष सरल्यावर गावानं त्याला रीतीप्रमाणं पंगतीत परत घेतलं. तो शेती करायला लागला. सोमारी माझ्याकडं यायची, भाऊबहिणीचं जेवढं तेवढं बोलायची. महागू माझ्याशी बोलला नाही. मला ओ न देण्याची मुदत त्यानं आपल्या मनानं वाढवून घेतली होती.

मी मात्र चढत गेलो. पंचायत समिती झाली, जिल्हा परिषद झाली. भाषण करता येत होतं, लोकांना हसवता येत होतं, आणि हसवणाऱ्याला मतं पडतात. त्यानंतरच्या एका निवडणुकीत त्याच राखीव जागेवरून मी खासदार झालो. पीए म्हणून देशकर आला. पीए पक्ष बदलत नाहीत, साहेब बदलतात. आल्या दिवशी त्यानं मला सांगितलं की डोक्याला तुरा लावला तर दिल्लीत छान दिसतं. मी त्याला झापलं. पण नंतर लावलाही.

बांबूचा प्रश्न मी सभागृहात मांडला. त्याला उत्तर मिळालं की माहिती गोळा करण्याचं काम चालू आहे. ते अजून चालूच असेल.

दुसऱ्या वर्षी चैत्रात एका मंत्र्यांच्या घरी दुपारच्या जेवणाचं बोलावणं आलं. आदिवासी भागातले सगळे खासदार होते. बांबूच्या फायलीवर याच मंत्र्यांची सही हवी होती, म्हणून मी नवं जाकीट घालून गेलो. जेवण झालं आणि वाढप्यांनी काचेच्या वाट्या आणल्या. मंत्री आपल्या खुर्चीवरून उठले, एकेकाजवळ येऊन आपल्या हातानं वाटी देऊ लागले. म्हणाले, या मोसमातला पहिला आंबा, खास तुमच्यासाठी मागवला. दोघे फोटोवाले त्यांच्या मागून चालत होते.

माझ्या हातात वाटी आली. पिवळ्याधमक फोडी होत्या. मी खाली बघितलं.

खाली गालिचा होता. निळा, मऊ, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

हात धुऊन येतो म्हणून मी वाटी घेऊनच बाहेर पडलो. बाहेरच्या लांब वाटेवरही तोच गालिचा. खिडकीतून हिरवीगार बाग दिसत होती, पण खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या, आणि बागेकडच्या दारावर शिपाई होता. तो अदबीनं म्हणाला, सर, उधर से नहीं. लिफ्टजवळ एक मोठी कुंडी होती. मला केवढं बरं वाटलं. मी वाकून तिच्यात बोट घातलं. पांढरे गोटे होते, ते गोंदानं चिकटवलेले. झाड प्लास्टिकचं होतं.

त्या हिवाळ्यात माझ्या घरचं कोणी गेलं नव्हतं. तरी मला कुम्मेबाईचा वाकलेला दगड दिसत राहिला, उगवतीकडं तोंड केलेला.

दारातून देशकरनं डोकं काढलं. “साहेब, चला लवकर. फोटोवाले खोळंबलेत. तुमचाच राहिलाय.”

मी त्याला हातानं थांब म्हटलं आणि सोमारीला फोन लावला. ती काही विचारणार तोच मी म्हटलं, त्याले दे. तिकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग कोणीतरी फोन कानाला लावला. श्वास त्याचाच होता.

“पंडुम झाला का गावात?” मी विचारलं.

“परवा आहे.”

“मी दिल्लीले आहो. माह्या हातात आंबा आहे.”

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं.

“खाली काय आहे?” त्यानं विचारलं.

“गालिचा.”

“नीट शोध,” महागू म्हणाला. “माती सापडते.”

आणि त्यानं फोन ठेवला.